जवारीचा दोरा

नाशिक,
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय पोरी,

तुझा निरोप दोनदा ऐकला. पहिल्यांदा नुसता तुझा राग ऐकू आला. दुसऱ्यांदा मागच्या गाड्यांचे हॉर्न आले, तेव्हा कळलं की तू गंगापूर रोडला त्या टपरीबाहेर एकटीच उभी होतीस. ज्याच्याशी भांडलीस तो निघून गेला होता. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मला मध्येच तोडशील.

भांडण ओपेथ या स्वीडिश मेटल बँडवरून झालं. तुझं म्हणणं, 2011 साली त्यांनी ग्रोल (घशातून गुरगुरत गाणं) सोडला, ओळीनं चार अल्बम साफ गळ्यानं गायले आणि 2024 साली शुद्धीवर येऊन पुन्हा ग्रोल घेतला, म्हणजे मधली तेरा वर्षं फुकट गेली. तुमच्या बँडमधला तो मुलगा म्हणाला, मला तीच तेरा वर्षं जास्त आवडतात, आणि आपल्या नव्या दोन गाण्यांत मला साफ गायचंय. त्यावर तू त्याला पोझर, म्हणजे दिखाऊ चाहता, म्हणालीस, आणि नंतर गद्दार.

तुझं दुःख मला खोटं वाटत नाही. बारावीच्या वर्षी सिडकोतल्या त्या घरात, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असताना, तू हेडफोन लावून त्या आवाजाच्या आधारानं रात्री काढल्यास, हे तूच मला सांगितलं होतंस. तो आवाज बंद झाला की आपलं माणूस गेल्यासारखं वाटतं. तसं वाटणं तुझ्या हक्काचं आहे. पण ‘गद्दार’ या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे. हा शब्द मी 2003 साली वापरला, आणि तो मला फार महाग पडला.

तेव्हा आम्ही चौघं सातपूरला एकाच्या वडिलांच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी वाजवायचो. कॅसेटच्या काळापासूनची दोस्ती होती. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये दुपार काढायची, चौघांत मिळून दोन कॅसेट घ्यायच्या आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत यायचं. पुढे सीडी आल्या. त्या वर्षी ओपेथचा ‘डॅम्नेशन’ कुणाकडून तरी कॉपी होऊन आमच्यापर्यंत पोचला. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही ग्रोल नाही आणि गिटार जवळपास सगळी साफ. मी अर्ध्यावर बंद केला. आमचा ड्रमर म्हणाला, थांब, पूर्ण ऐकू दे. खरं तर अशा अल्बममध्ये ड्रमरच्या वाट्याला सगळ्यात कमी येतं. दोन्ही पायांनी वाजवायचा डबल बेस ड्रम नाही, वेग नाही. तरी तो डोळे मिटून ऐकत होता. मी त्याला नको ते बोललो. तुझा शब्द, आणि त्याहून वाईट एक. पुढच्या सुट्टीला तो आला नाही, आणि मीही त्याला बोलवायला गेलो नाही. बँड तिथेच संपला.

पुढे मी पॉवर प्रेसच्या खात्यात दुसऱ्या पाळीला लागलो. आठ तास लोखंडावर लोखंड आपटताना ऐकून रात्री घरी आलो की कानात शिट्टी वाजायची. एका रात्री हाताशी आलेली सीडी न बघता लावली, आणि ती ‘डॅम्नेशन’ची निघाली. त्या थकलेल्या कानांना पहिल्यांदा जाणवलं की या अल्बममध्येही तेवढाच अंधार आहे. ग्रोल जे काम करायचा ते इथे दुसरं काहीतरी करत होतं: मेलोट्रॉन या जुन्या, टेपवर चालणाऱ्या कीबोर्डचा मागून येणारा ओला आवाज, आणि एक ओळ संपल्यावर पुढची सुरू होईपर्यंत ठेवलेली जागा. चार वर्षं उशिरा मला ड्रमरचं म्हणणं कळलं होतं, आणि सांगायला ड्रमर नव्हता.

(कानांचं निघालंच आहे तर सांगतो. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त थांबू नये असं मानतात, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. तालमीच्या खोलीत तुम्ही 100 च्या वर असता. कानात घालायचे प्लग घे. याबाबत मी ऐकून घेणार नाही.)

आता मुद्द्याचं. कर्कश, खरखरीत आवाज गाण्यात काहीतरी काम करत असतो. ते काम नेमकं कोणतं हे ज्याला कळलं, त्यालाच तो आवाज गेल्यावर काय हरवलं ते सांगता येतं. तू आणि तो, दोघंही अजून ‘आवडतं’ आणि ‘आवडत नाही’ एवढ्यावरच भांडताय.

तुझ्याच गिटारचं घे. जाड तार मोकळी छेडलीस की साधारण 82 हर्ट्झ. तिचा पंचम 123. हे दोन्ही एकत्र डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमधून, काढले की लाटेचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटण्यातून तू न वाजवलेले स्वर जन्माला येतात. त्यांतला एक दोघांच्या वजाबाकीचा असतो: 41. म्हणजे बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा षड्ज, बरोबर एक सप्तक खाली. हा दोन स्वरांचा पॉवर कॉर्ड छातीत का घुसतो, याचं मोठं कारण हे. पण त्यात गंधार घातलास की या वजाबाक्या वाढतात, एकमेकींना खेटतात आणि सगळं गढूळ होतं. म्हणून आपण गंधार सोडतो आणि सा-प वर भागवतो. आणि गंधार म्हणजे कोण? शुद्ध की कोमल, उजेड की उदासी, हे सांगणारा स्वर तोच. जोरदार डिस्टॉर्शनच्या बदल्यात आपण त्याला घराबाहेर काढलेलं असतं. गिटार साफ केली की तो परत येतो, आणि त्याच्यामागून सातवा, नववा, सगळं गणगोत. ओपेथच्या त्या तेरा वर्षांतले कॉर्ड बसवून बघ. बोटं दुखतील.

साफ आवाजात हात उघडा पडतो हेही खरं. डिस्टॉर्शन लहान आवाजाला वर उचलतं, मोठ्याला दाबतं, त्यामुळे छेडण्यातला असमानपणा झाकला जातो. उलट तिथे न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवण्याचं वेगळं कसब लागतं. एक सोपं आणि दुसरं अवघड असं काही नाही.

गळ्याचंही तसंच. ग्रोलमध्ये खऱ्या स्वररज्जूंच्या वरचे खोटे पडदे थरथरतात. तिथे नेमका स्वर ऐकू येत नाही, पोत ऐकू येतो. म्हणून ग्रोल गाण्यात एखाद्या वाद्यासारखा बसतो, शब्द मागे राहतात. गळा साफ केला की शब्द पुढे येतात. तुमच्या नव्या गाण्यांचे शब्द त्या मुलानं लिहिलेत ना? मग त्याला साफ का गायचंय, हे तू त्याला विचारलंस का?

आपल्याकडे ही चर्चा नवी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी आला की तार घोडीला घासून झणझणते आणि आवाज भरून येतो. ती जवारी. दोरा काढला तर तार स्वच्छ वाजते, आणि गवई म्हणतो तंबोरा बोलत नाही. म्हणजे आपण शेकडो वर्षं मुद्दाम आवाजात खर घालत आलोय. सतारवाले तर जवारी खुली ठेवायची की बंद, यावर आयुष्यभर वाद घालतात. खुलीत झणझण जास्त, बंदमध्ये स्वर गोल. कुणी कुणाला गद्दार म्हणत नाही. हात तसा दोरा, एवढंच.

याच गावात विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधार आश्रम काढला. त्यांनी बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले. हीसुद्धा एक साफसफाईच. त्यामुळे गाणं घराघरांत, मुलींपर्यंत पोचलं. आणि माझ्या मते काही बंदिशींचा जीवही गेला. दोन्ही एकदम खरं असू शकतं. आपल्या ढोलांचंच बघ. चामड्याचं पान पावसात उतरतं आणि गणपती येतात पावसात, म्हणून फायबरचं पान आलं. आवाज टणक झाला. जुनी माणसं अजून हळहळतात, पण पान बदलणाऱ्याला कुणी ढोलाचा वैरी म्हणत नाही, कारण पाऊस सगळ्यांना दिसतो.

बँडचा पाऊस आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. कॅटाटोनिया या दुसऱ्या स्वीडिश बँडचा गायक योनास रेंक्से बघ. त्याच्या गळ्याला ग्रोल झेपेना, म्हणून 1996 च्या अल्बममध्ये ग्रोल करायला ओपेथचाच गायक मिकाएल ऑकरफेल्ट आला, आणि 1998 पासून रेंक्से साफ गायला लागला. त्या हळव्या, विझत्या आवाजाशिवाय आज तो बँड डोळ्यांसमोर येत नाही. ऑकरफेल्टची गोष्ट वेगळी. 2011 च्या ‘हेरिटेज’साठी त्यानं आधी जुन्याच वळणाची दोन गाणी लिहिली होती. ती बासवाल्या मार्टिन मेंडेझला ऐकवली, तर तो म्हणाला, असंच पुढे चालू राहिलं तर माझी निराशा होईल. ऑकरफेल्टनं ती बाजूला ठेवली आणि नव्यानं सुरुवात केली. बँडमधल्या माणसानं तोंडावर सांगितलं आणि दुसऱ्यानं ते ऐकून घेतलं. त्या टपरीवर तुमच्यातल्या एकानं हेच केलं होतं.

आणि ग्रोल गेला तरी कुठे होता? या वर्षांत मैफिलीत जुनी गाणी आली की बहुतेक वेळा ऑकरफेल्ट ग्रोल करतच होता. साफ गाणंही काही 2011 साली उगवलं नाही, 1995 च्या पहिल्या अल्बमपासून आहे. ‘डॅम्नेशन’ तर त्यांच्या अतिशय कठोर अशा ‘डेलिव्हरन्स’सोबतच ध्वनिमुद्रित झाला होता. एकाच घरातली दोन भावंडं.

याचा अर्थ तुला सगळं आवडलंच पाहिजे असा नाही. ‘हेरिटेज’ मला स्वतःला अजून पटत नाही. ड्रमचा आवाज लाकडासारखा सुंदर आहे, पण गाण्यांचे तुकडे एकमेकांना धरत नाहीत. एक कल्पना उमलते न उमलते तोच दुसरी सुरू. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. त्यात गाण्यावर टीका आहे, माणसाच्या इमानावर नाही. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या चाहत्यांनी 1984 साली, दुसऱ्याच अल्बमवर, एका गाण्याची सुरुवात अकूस्टिक गिटारनं झाली म्हणून ‘विकले गेले’ अशी ओरड केली. ती टीका मला पोकळ वाटते. 1991 च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमवरची तक्रार मात्र मला कळते: निर्माता बॉब रॉक आला, वेग उतरला, आठ-नऊ मिनिटांची वळणदार गाणी आटोपशीर झाली. त्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त प्रती गेल्या, त्यामुळे पैशासाठी केलं म्हणणं सोपं होतं. पण 30 ऑक्टोबर 2011 ला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर, मेटॅलिकाच्या मैफिलीत, मी उभा होतो. मनमाडहून कर्नाटक एक्स्प्रेस पकडून गेलो होतो. ज्या हळुवार गाण्यांसाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या त्यांतलं एक सुरू झालं, आणि काळे टी-शर्ट घातलेलं ते अख्खं मैदान गायला लागलं. माझ्या शेजारचा पोरगा रडत होता. माझ्या मनात आलं, आज ड्रमर इथे हवा होता.

परतल्यावर आठवडाभरात मी त्याच्या घरी गेलो. आठ वर्षांनी. काय बोललो ते लिहीत नाही. त्यानं दार उघडलं आणि आत घेतलं, एवढं सांगतो.

तुमच्या दोन गाण्यांबद्दल माझा सल्ला असा: ठरवू नका, वाजवून बघा. प्रत्येक गाणं दोन्ही तऱ्हांनी फोनवर रेकॉर्ड करा, दोन दिवस ऐकू नका, मग एकत्र बसून ऐका. ऐकताना कुणी कुणाकडे बघायचं नाही. ज्या कडव्यात साफ गायल्यावर काहीतरी रिकामं वाटेल तिथे बोट ठेव आणि त्याला विचार, इथे आता भार कोण उचलणार? गिटार, ड्रम, की शांतता? त्याच्याकडे उत्तर असेल तर त्याला गाऊ दे. नसेल तर तुझा ग्रोल जिंकला. आणि 2024 चा अल्बम पुन्हा लाव. त्या ग्रोलच्या खाली जे कॉर्ड चाललेत, ते मधल्या तेरा वर्षांशिवाय आले असते का, ते ऐक.

त्या मुलाला आज रात्री लांबलचक मेसेज पाठवू नकोस. ‘तो शब्द मी वापरायला नको होता’ एवढंच लिही.

रविवारी सकाळी दोघंही माझ्याकडे या. शेजारच्या काकूंचा मिरजेचा तंबोरा मागून ठेवतो. दोरा काढून आणि घालून, दोन्ही ऐकवतो. तुझी गिटार आण, पेडल घरी ठेव. ड्रमरला सांगितलं आहे, तो नऊला येतो म्हणाला. येताना कॉलेज रोडवरून मिसळीचं पार्सल घ्या, चौघांचं. त्याला तिखट कमी लागतं.

तुझा,
दादा