कोकणातल्या कच्च्या रस्त्याला डिस्कव्हरी स्पोर्ट चालेल का?

प्रश्न: पुण्यात राहतो, ऑफिस घरापासून सहा किलोमीटर. गाव दापोली तालुक्यात, शेवटचा दीड किलोमीटर कच्चा, लाल मातीचा, मधे एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, लागतो. लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्ट, 2020 चं बीएस-6 डिझेल मॉडेल, सेकंडहँड मिळतंय. घेऊ का?

उत्तर: गावच्या वाटेला गाडी पुरून उरेल हो, मला काळजी वाटते ती तुमच्या सहा किलोमीटरच्या ऑफिसची. या डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि ती काजळी जळायला गाडी नीट तापून हायवेला सलग थोडा वेळ पळायला लागते. रोज नुसती सिग्नल ते सिग्नल चालवली की ते काम अर्धवटच राहतं, त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमधे उतरतं, ऑइल पातळ होतं आणि सर्व्हिस वेळेआधीच काढावी लागते. गावी नेमाने जाणं होत असेल तरच डिझेल घ्या, नाहीतर 249 पीएसचं पेट्रोल शोधा, पितं जास्त पण ही कटकट नाही.

आता कच्चा रस्ता. ग्राउंड क्लिअरन्स 212 मिमी, आणि कंपनी 600 मिमी पाण्यातून जाते म्हणते, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर, पण पऱ्याला ओढ असेल तर तो आकडा विसरायचा आणि पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबायचं. चिखलात मड-रट्स मोड लावला की घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लागून ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते, हे खरंच मस्त काम करतं. कमी आहे ती लो-रेंजची, म्हणजे हळू वेगात चाकांना जास्त जोर देणाऱ्या वेगळ्या गिअरची, थारसारखं फोर-लो यात नाही, त्यामुळे चढाला नऊ गिअरच्या ऑटोमॅटिकचा छोटा पहिला गिअर आणि उताराला आपोआप ब्रेक लावून वेग धरून ठेवणारा हिल डिसेंट कंट्रोल, एवढ्यावरच भागवायचं. दीड किलोमीटरला भागतं.

तिसऱ्या रांगेत लहान मुलंच बसवा, घरातल्या मोठ्यांना दापोलीपर्यंत तिथे कोंबू नका.

चाकं मात्र 18 इंचीच बघा. शोरूममधे मोठी चाकं छान दिसतात पण त्यांच्या टायरची बाजू बुटकी असते, आणि जांभ्याची धार लागली की टायर फाटतो तो तिथेच. फाटलेल्या बाजूला पंक्चरवाला काही करू शकत नाही, म्हणून सौदा करण्याआधी डिकी उघडून स्टेपनी पूर्ण साइजची आहे का ते स्वतः बघून घ्या.