'अपंग' की 'दिव्यांग'?

प्रश्न एका वाचनालयाच्या निवेदिकेचा आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्या व्हीलचेअर वापरतात आणि लावणीवर बोलणार आहेत. ओळख करून देताना 'अपंग' म्हणायचं की 'दिव्यांग'? सोबत कच्चं वाक्यही आहे : 'व्हीलचेअरला खिळलेल्या, पण अपंगत्वावर जिद्दीने मात करून उत्तुंग भरारी घेणाऱ्या...'

'दिव्यांग' आला तो सरकारी वाटेने. डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून हिंदीतल्या 'विकलांग'ऐवजी तो सुचवला आणि बघता बघता मराठी पाट्याही बदलल्या. २०२२मध्ये महाराष्ट्रात वेगळं खातं निघालं, तेही 'दिव्यांग कल्याण विभाग' या नावाने. अर्जात, दाखल्यात तोच लिहावा. पण अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांना तो तेव्हाही पटला नव्हता. आम्हाला रॅम्प हवा, दिव्यत्व कशाला चिकटवता, हा त्यांचा सवाल. मलाही 'अपंग व्यक्ती' हेच सरळ वाटतं.

मराठीत तद्भव, म्हणजे संस्कृतातून रूप बदलून आलेला, शब्द टोचतो आणि तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला, चालून जातो, हे मात्र खरं. 'आंधळा' खटकतो, 'अंधशाळा' खटकत नाही. 'बहिरा' मागे पडून 'कर्णबधिर' रुळला. 'मूकबधिर' मात्र तत्सम असूनही टाळाच. ऐकू न येणाऱ्याचा गळा बहुधा ठणठणीत असतो. कानावर भाषा पडली नाही म्हणून बोलणं आलं नाही, इतकंच. आणि खुणांच्या भाषेत जो तासभर गप्पा हाणतो, त्याला मुका कोणत्या तोंडाने म्हणायचं? 'मतिमंद'लाही आता रजा द्यावी.

शिवाय आपल्याकडे आदर नामापेक्षा सर्वनामात आणि क्रियापदात कळतो. 'तो दिव्यांग आला'पेक्षा 'ते अंध गृहस्थ आले' केव्हाही बरं.

आता ते वाक्य. खिळतो तो आजारी माणूस, अंथरुणाला. या बाई तर व्हीलचेअरमुळेच घराबाहेर पडतात, गावोगाव जातात. 'मात' कशावर? अपंगत्व आहे तिथेच आहे. अडतं ते जिन्यापाशी. 'भरारी' तर प्रत्येक सत्कारात असते, ती काढलीत तरी कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही. एवढंच म्हणा : 'लावणीच्या अभ्यासक असलेल्या आजच्या पाहुण्या शाहिरांच्या रचनांबद्दल बोलणार आहेत.' अपंगत्वाचा उल्लेख इथे लागतच नाही. विषयाच्या ओघात तो करावा लागणार असेल, तर कोणता शब्द चालेल हे फोन करून त्यांनाच विचारा. त्याच फोनवर व्यासपीठाला किती पायऱ्या आहेत तेही सांगून टाका.