विचारा बिनधास्त : कार्ट्रिज बदलवलं तरी पाणी खारटच!

प्रश्न : आमच्याकडं ओट्यावर ठेवायचा फिल्टर हाये, लाईन लागत नाही त्याले. पंधरा दिवस झाले नवीन कार्ट्रिज बदलवलं. पहिले काळं पाणी आलं, मंग चांगलं चाललं, आता थेंब थेंब पडते, रात्रभर ठेवलं तरी सकाळी गुंडभर होत नाही. अन् एवढा खर्च करून पाणी खारटच लागते. दुकानदार म्हणे सहा महिने पाहाच लागत नाही. कार्ट्रिज डुप्लिकेट निघालं काय?
– एक गृहिणी, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, डुप्लिकेट असेलही, पण तुम्ही लिहिलं त्यावरून मला तरी तसं वाटत नाही. तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत अन् तुम्ही तिन्हींचं खापर एकट्या कार्ट्रिजवर फोडून राहिल्या.

काळ्या पाण्याचं एवढं काही नाही. आत कोळसा असतो, त्याची भुकटी सुरुवातीला निघतेच. म्हणून पहिले दोन डबे भरून पाणी प्यायला घ्यायचं नसते, तुळशीला घाला नाहीतर भांडे विसळा. पंधरा दिवसांनंतरही काळं येत असतं तर मात्र मी म्हटलं असतं की आतून फुटलं, परत करा.

आता थेंब थेंब. पहिल्या दिवसापासूनच असं असतं तर आत हवा अडकली म्हणायची. त्याला उपाय सोपा, गंजात पाणी घेऊन कार्ट्रिज उभं बुडवून ठेवायचं, बुडबुडे यायचे थांबले की बसवायचं अन् वरचा डबा काठोकाठ भरायचा, कारण या फिल्टरला ना मोटर ना लाईन, वरच्या पाण्याचं वजन हाच त्याचा जोर, अर्धा डबा भरून वाट पाहत बसलं तर ते मंदच चालणार. (पुडक्यावर भिजवू नका लिहिलं असलं तर नका भिजवू.) पण तुमचं आधी चांगलं चाललं अन् मग मंदावलं, म्हणजे बुजलं. बोअरचं पाणी सरळ ओतता ना? त्यातला गाळ अन् क्षार बसतात. वरच्या डब्याच्या काठाला बोट लावून पाहा, पांढरी खरखरीत पापडी लागेल हाताला, तीच आत बसली आहे. कँडल चिनी मातीची असली तर नुसत्या पाण्यात मऊ ब्रशनं घासा, साबण अजिबात नाही, तो आत शिरला की चहालाही वास. घासताना बारीक तडा दिसला तर ती कँडल बाद, त्या तड्यातून पाणी न गाळताच खाली उतरते. कोळशाचं बंद कार्ट्रिज असलं तर घासून उपयोग नाही. इथून पुढं पाणी चौपदरी फडक्यातून गाळूनच ओता, अन् पावसाळ्यात गढूळ आलं तर तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं वरचं घ्या.

सहा महिन्यांचं म्हणाल तर दुकानदाराचं ऐकू नका, पुडक्यावर लिटर लिहिलेले असतात ते पाहा. समजा 1500 लिटरचं आहे अन् तुमच्याकडं दिवसाला 15 लिटर लागते, तर शंभर दिवसांत त्याचं काम संपलं, उन्हाळ्यात पाव्हणे आले तर त्याच्याही आधी. बसवलं ती तारीख डब्यावर मार्करनं लिहून ठेवा.

अन् हो, खालचा नट हातानंच आवळा. आमच्या अकोटच्या मावशीनं पाना लावला, डब्याच्या बुडाला तडा गेला, रात्रभर पाणी झिरपून ओट्याखालचा कणकेचा डबा भिजला अन् शिव्या खाल्ल्या काकांनी. वायसर वाकडं बसलं तरी गळते, एवढं फक्त पाहून घ्या.

राहिलं खारटपण. हे ऐकायला वाईट वाटेल, पण ते कुठल्याच कँडलनं, कोळशानं जाणार नाही. तुम्ही खारपाणपट्ट्यातल्या, पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणीच खारं, अन् मीठ पाण्यात विरघळलं की ते गाळून निघत नाही. वरणातलं मीठ गाळणीनं निघते का? भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतात, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत. ते कमी करायचे तर आरओच लागते, त्याला लाईन पाहिजे अन् पाणीही बरंच वाया जाते. त्यापेक्षा तुमच्या गावात शहानूर धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर चार दिवसांआड का होईना, ते पिण्यापुरतं वेगळं भरून ठेवा अन् फिल्टरला तेच घाला. बोअरचं धुण्याभांड्याला.

प्रश्न : गावात आरओ विकणारा आला होता. त्यानं आमच्या पाण्यात दोन सळया सोडून लाईन दिली तर पाणी चहासारखं लाल झालं, अन् त्याच्या मशीनचं पाणी तसंच राहिलं. खरंच एवढी घाण असते का?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, ती घाण पाण्यातली नाही, सळईच्या लोखंडाचा गंज आहे. क्षाराच्या पाण्यातून करंट जातो म्हणून लोखंड झिजते, आरओच्या पाण्यात क्षार नावापुरतेच, तर करंट जाईल कुठून. त्यालाच म्हणा, आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दाखव, तेही लाल होईल. पण तुमच्या जिल्ह्यात बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघते, त्याला ना रंग ना चव, अन् उकळूनही जात नाही. म्हणून मशीन घ्यायच्या आधी ग्रामपंचायतीत विचारून पाणी तपासून घ्या. फ्लोराइडचा आकडा लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर आला तर मग ते पाणी पिणं बंद.