अमेरिकेत नवीन आहात? हेल्थ इन्शुरन्सचा प्लॅन निवडायच्या आधी हे बघा

अरे टेन्शन घेऊ नकोस, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच डोकं चक्रावतं. सध्या एवढंच बघ:

१. एचएमओ प्रकारचा प्लॅन घेतलास तर प्रीमियम बहुतेक कमी, पण एक फॅमिली डॉक्टर ठरवावा लागतो, ज्याला इथे पीसीपी म्हणतात, आणि स्किनवाल्याकडे जायचं तरी सहसा आधी त्याचं रेफरल, म्हणजे शिफारशीची चिठ्ठी. आपल्याकडे कसं, गुडघा दुखला की थेट ऑर्थोपेडिककडे, ती सवय सोड. पीपीओ या दुसऱ्या प्रकारात सहसा रेफरल लागत नाही, नेटवर्कबाहेरही (म्हणजे प्लॅनशी करार नसलेल्या डॉक्टरकडेही) जाता येतं, पैसे जास्त मोजून.

२. इन्शुरन्स कंपनीच्या वेबसाइटवरच्या डॉक्टरांच्या यादीवर विसंबू नकोस, ती बऱ्याचदा जुनी असते. क्लिनिकला फोन कर आणि कार्डावरचं प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखव, कारण "तुमच्याकडे अमुक कंपनी चालते का" विचारलं की रिसेप्शनिस्ट हो म्हणते आणि नंतर कळतं की त्या कंपनीचा तुझा प्लॅन चालतच नाही. नवीन पेशंट घेताय का हेही तेव्हाच विचार.

३. नवीन पेशंटला अपॉइंटमेंट मिळायला कितीतरी आठवडे जातात, म्हणून धडधाकट असतानाच नंबर लाव. ताप आल्यावर डॉक्टर शोधत बसलास तर अपॉइंटमेंटशिवाय बघणारं अर्जंट केअर क्लिनिकच नशिबी (इमर्जन्सी रूममध्ये मात्र साध्या सर्दीसाठी जाऊ नकोस बाबा, बिल बघून ताप उतरेल).

वर्षाची प्रिव्हेंटिव्ह तपासणी नेटवर्कमध्ये बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असते, डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम) मोठं असलं तरी. पण तिथेच जुनी पाठदुखी काढलीस तर वेगळं बिल येऊ शकतं.

एचएसए (औषधोपचाराच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) वगैरे पुढच्या वर्षी बघू. आईबाबा येणार असतील तर त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सचं वेगळं विचार, त्यात रुटीन चेकअप सहसा नसतो.