उताणं, कुशीवर की पालथं?

थंडी पडायला लागली की तान्ह्या बाळांच्या झोपेबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेले सहा प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: बाळ एकवीस दिवसांचं आहे. पाजून झालं की ओठांच्या कडेने थोडं दूध बाहेर येतं. सासूबाई म्हणतात, उताणं झोपवलंस तर दूध घशात अडकेल, कुशीवर ठेव आणि पाठीला दुपट्याची गुंडाळी लाव. डॉक्टर म्हणाले उताणंच. कोणाचं ऐकू? (पंचवटी)

उत्तर: उताणंच. रात्री आणि दुपारच्या डुलकीलाही, पहिला वाढदिवस होईपर्यंत. पण सासूबाईंची भीती झटकून टाकू नका. दूध वर येतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ते वर आल्यावर जातं कुठे, हे त्यांना समजावून सांगा. घशाखाली दोन नळ्या असतात, पुढे श्वासनळी आणि मागे अन्ननळी. बाळ उताणं असलं की श्वासनळी वर आणि अन्ननळी तिच्याखाली येते. मग वर आलेल्या दुधाला श्वासनळीत शिरायला चढ चढावा लागतो. ते खालीच राहतं, बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं केलं की चित्र उलटं होतं, श्वासनळीचं तोंड दुधाच्या वाटेत खाली येतं. जगभर बाळांना उताणं झोपवायला लागल्यावर दूध अडकून होणारे मृत्यू वाढले नाहीत.

कुशीवरची अडचण वेगळी आहे. कुशीवरचं बाळ एका खांद्यावर तोललेलं असतं. हात हलला की ते पुढे कलंडून पालथं होतं आणि एवढ्या लहान बाळाला परत वळता येत नाही. पाठीमागची दुपट्याची गुंडाळी त्याला मागे पडू देत नाही, म्हणजे पुढेच ढकलते. वर तीच गुंडाळी सुटून नाकाशी येते. जुन्या माणसांना कधीकाळी डॉक्टरांनीच कुशीवर ठेवायला सांगितलेलं असू शकतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली ‘कुशीवर किंवा पाठीवर’ असंच म्हटलं होतं. २००५ मध्ये त्यांनी कुशीवर झोपवणंही चालणार नाही असं स्पष्ट केलं. तिथे उताणं झोपवण्याची मोहीम १९९४ ला सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आलं.

‘पालथं केलं की छान गाढ झोपतं’ हेही ऐकाल. ते खरं आहे आणि धोका त्यातच आहे. नाक कापडात गेलं की बाळ स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा आत घेतं. अशा वेळी दचकून जागं होणं, मान वळवणं, रडणं हीच त्याची सुटका. पालथ्या झोपेत हे जागं होणं मंदावतं. सगळ्यात नाजूक काळ दोन ते चार महिन्यांचा असतो.

दुधासाठी एवढं करा: पाजून झाल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, नंतर दहा-पंधरा मिनिटं तसंच धरा, मग सपाट गादीवर उताणं ठेवा. डोक्याकडची बाजू उशी लावून उंच करू नका, बाळ घसरून हनुवटी छातीला टेकते. उलटी हिरवी असेल, प्रत्येक वेळी जोरात लांब फेकली जात असेल, वजन वाढत नसेल किंवा बाळ निळं पडत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बाळ निळं होऊन ढिलं पडलं तर लगेच १०८.

प्रश्न: बाळ फक्त साडीच्या झोळीत झोपतं. गादीवर ठेवलं की पाच मिनिटांत उठतं. रात्रभर झोळीत ठेवलं तर चालेल का? (सातपूर)

उत्तर: नाही. रात्रभर तर नाहीच. झोळीत बाळ का झोपतं ते सरळ आहे: कापड चारी बाजूंनी धरून ठेवतं आणि झोका लागतो. पण नवजात बाळाचं डोकं मागच्या बाजूला मोठं असतं. पाठीखालचं कापड वाकलं की डोकं पुढे येतं आणि हनुवटी छातीवर रुतते. बाळाची श्वासनळी मऊ आणि बारीक असते, मान दुमडली की आवाज न होता दबते. बाळ रडतही नाही, बाहेरून शांत झोपलेलं दिसतं. शिवाय साडीच्या दोन्ही कडा वर जवळ आल्या की चेहऱ्यापुढे मोकळी हवा राहत नाही.

झोळी वापरायचीच तर जागत्या माणसाच्या नजरेसमोर, चेहरा उघडा, आणि हनुवटी व छाती यांच्यात तुमची दोन बोटं सहज जातील एवढी मोकळी जागा ठेवून. हुक, दोर आणि स्प्रिंग रोज हाताने ओढून पाहा. डोळा लागला की गादीवर. उचलून ठेवताना बाळ का उठतं? बहुतेकदा आपण आधी डोकं टेकवतो आणि त्याला पडल्याचा भास होतो. आधी पाय, मग ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं. छातीवर तळहात मिनिटभर तसाच ठेवा. पहिले चार-पाच दिवस त्रास होईल, दुपारच्या झोपेपासून सुरुवात करा.

लाकडी किंवा लोखंडी पाळणा चालतो, पण तळ सपाट आणि कडक हवा. दोन गजांमधली फट सहा सेंटिमीटरहून जास्त नको, नाहीतर अंग बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं. गादी पाळण्याच्या मापाचीच. बारशाला बांधलेले फुगे, माळा, लोंबती खेळणी त्याच संध्याकाळी काढा. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढून ठेवा, किंवा दृष्टीचा दोरा मनगटाला घट्ट न करता बांधा.

प्रश्न: निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. बाळाला स्वेटर, टोपरं, दुपटं आणि वर गोधडी घालतो, खोलीत शेगडीही ठेवतो. तरी हातपाय गारच लागतात. (निफाड)

उत्तर: शेगडी आजच बाहेर काढा. बंद खोलीत जळत्या कोळशातून निघणारा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, त्याने बाळासकट आईही झोपेतच जाऊ शकते. आंघोळीनंतरची ओवा-वावडिंगाची धुरीही बाळाच्या नाकाला सोसत नाही.

हातपायांवरून थंडी मोजू नका. या वयात ते गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर दोन बोटं लावा. तिथे उबदार आणि कोरडं लागलं की पुरे. घाम, ओले केस, लालबुंद गाल दिसले तर एक थर उतरवा. जास्त उष्णतेनेही झोपेतला धोका वाढतो, हे लोकांना पटत नाही, पण ते खरं आहे. त्या खोलीत तुम्ही जेवढं घालून बसता त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त, हे साधं माप. आत सुती झबलं, वर पूर्ण बाह्यांचा लोकरी कपडा, पायमोजे. गोधडी नको. पातळ पांघरूण लागलंच तर बाळाचे पाय गादीच्या पायथ्याला टेकतील असं झोपवा, पांघरूण फक्त छातीपर्यंत घ्या, हात बाहेर ठेवा आणि तिन्ही कडा गादीखाली घट्ट खोचा. मग बाळ खाली सरकून त्याच्या आत जात नाही. गरम पाण्याच्या पिशवीने गादी उबदार करा, पण बाळ ठेवण्याआधी पिशवी काढा.

टोपरं बाहेर नेताना घाला. झोपेत ते सरकून नाकावर येतं आणि बाळाची जास्तीची उष्णता डोक्यातूनच बाहेर पडते. जन्मतः वजन कमी असेल आणि डॉक्टरांनी टोपी सांगितली असेल तर घाला, पण नीट बसणारी आणि बिनबंदाची.

दुपट्यात गुंडाळत असाल तर कापड पातळ सुती हवं, छातीपाशी तुमची दोन बोटं आत जावीत आणि कमरेखाली इतकं सैल असावं की बाळ बेडकासारखे गुडघे पसरू शकेल. पाय सरळ ओढून बांधले तर खुब्याचा सांधा निसटू शकतो. बाळ वळायची धडपड करू लागलं (काहींचं हे तिसऱ्या महिन्यातच सुरू होतं) की गुंडाळणं बंद.

प्रश्न: बाळ माझ्याजवळ झोपलं तर चालतं का? एकच खोली आहे. (सिन्नर)

उत्तर: खोली एकच असणं चांगलंच आहे. पहिले सहा महिने बाळ आईच्या खोलीतच हवं. फक्त अंथरूण वेगळं, हाताच्या अंतरावर. जमिनीवर चटई आणि त्यावर पातळ, कडक गादी उत्तम, पडायची भीती नाही. गादीवर तळहात दाबून उचला. खळगा राहिला तर ती मऊ आहे. चादर ताणून खोचा. खालचं मेणकापड सुटं ठेवू नका. उशी, तक्क्या, मऊ खेळणी काहीच नको. डासांसाठी मच्छरदाणी ताणून लावा, कॉइल नको.

रात्री पाजताना डोळा लागणार असं वाटलं तर सोफ्यावर किंवा खुर्चीत बसू नका, ती सगळ्यात घातक जागा. त्यापेक्षा उशा-पांघरुणं बाजूला करून गादीवर आडवं होऊन पाजा आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा. बाळ नऊ महिने भरण्याआधी जन्मलं असेल, वजन अडीच किलोहून कमी असेल, किंवा अंथरुणातलं कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, दारू अथवा झोपेची गोळी घेतली असेल, तर एका अंथरुणात मुळीच नको.

प्रश्न: बाळ आठव्या महिन्यात झालं. अतिदक्षता कक्षात नर्स त्याला पालथं ठेवत. घरीही तसंच ठेवू? (नाशिक रोड)

उत्तर: तिथे श्वास आणि हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र चोवीस तास लावलेलं होतं. घरी ते नाही. आणि अशाच बाळांना झोपेतला धोका जास्त असतो, म्हणून घरी उताणंच. आईच्या उघड्या छातीशी धरण्याची पद्धत जरूर चालू ठेवा: बाळ उभं, मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर, नाक तुम्हाला दिसेल असं. डोळे जड झाले तर घरातल्या जागत्या माणसाच्या छातीशी द्या. रुग्णालयाने रात्रंदिवस बांधून ठेवायला सांगितलं असेल तर बांधणी त्यांच्याकडूनच शिकून घ्या.

प्रश्न: आम्ही चार मुलं मोहरीच्या उशीवर वाढवली, सगळ्यांची डोकी गोल. सून उशी लावू देत नाही. नातवाचं डोकं मागून चपटं होतंय. (एक आजी, देवळाली)

उत्तर: आजी, चपटेपणा तुम्ही वेळेत पाहिलात हे फार बरं झालं. पण सूनबाईंचं बरोबर आहे. मोहरी डोक्याखाली सरकते, मध्ये खड्डा होतो, मान पुढे झुकते. शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात.

चपटेपणा येतो एकाच जागी भार पडल्याने. बाळ उजेडाकडे किंवा आईकडे मान वळवतं. म्हणून आज डोकं गादीच्या एका टोकाला, उद्या दुसऱ्या टोकाला ठेवा, मान आपोआप दुसरीकडे वळेल. मान कायम एकाच बाजूला राहत असेल आणि दुसरीकडे वळवताना बाळ रडत असेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

दुसरं काम तुमच्याच हातचं आहे. मालिशवाल्या मावशी बाळाला पसरलेल्या पायांवर पालथं घेतात ना, तसंच दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटं, बाळ जागं असताना आणि पाजून बराच वेळ झाल्यावर. दीड-दोन महिन्यांचं होईपर्यंत हे दिवसभरात मिळून पंधरा ते तीस मिनिटांवर न्या. मागच्या हाडावरचा भार कमी होतो, मान आणि खांदे मजबूत होतात. समोर तुमचा चेहरा ठेवा, बाळ मान उचलून तुमच्याकडे बघेल. डोळे मिटायला लागले की लगेच उताणं.