संक्रांतीच्या वाणाच्या रेशमी बांगड्या: धागा का फाकतो आणि माप कसं घ्यायचं

ताई, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला 25 जणींना रेशमी धाग्याच्या, म्हणजे प्लास्टिकच्या बांगडीवर रेशमी धागा गुंडाळलेल्या बांगड्या द्यायच्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. पण चार दिवसांत धागा फाकून आतलं प्लास्टिक दिसतं, कुंदन गळतात, आणि 2.6 ची बांगडी नणंदेच्या हातात चढलीच नाही. मी बारा वर्षं ह्या बांगड्या करून राहिले. तुमच्या तिन्ही अडचणी मी भोगल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माप. 2.4, 2.6 हे दशांश नाहीत. टिंबानंतरचा आकडा म्हणजे आणे, इंचाचे सोळावे भाग. 2.4 म्हणजे दोन इंच चार आणे, सव्वादोन, 2.8 म्हणजे अडीच. म्हणूनच 2.10 ची बांगडी 2.8 पेक्षा मोठी असते. हा सगळा आतला व्यास. आता बांगडी भरताना करतो तसा अंगठा तळहातात घेऊन हात निमुळता करा, सांध्यांवर जिथे तो सगळ्यात रुंद आहे तिथून दोरा फिरवा आणि पट्टीवर मोजा. 18 सेंटीमीटर आले तर 2.4, 19 ला 2.6, 20 ला 2.8, 21 ला 2.10. एका सेंटीमीटरला एक माप, इतकं सोपं आहे ते.

मग नणंदेचं काय झालं? दोन मापांमध्ये व्यासाचा फरक तीन मिलिमीटरच्या जरासा वर असतो. त्यातला एखादा मिलिमीटर आतून बसलेला धागा आणि गम खाऊन टाकतो. शिवाय काचेची बारीक बांगडी कासार तिरपी करून, हात दाबून चढवतो. तीन-चार बांगड्या जोडून केलेला रुंद कडा तसा तिरपा होत नाही. म्हणून बारीक बांगडीला मोजलेलं माप चालतं, पण कडा करणार असाल तर एक माप वरचं घ्या.

आता धागा फाकण्याचं. बांगडीचा बाहेरचा घेर आतल्यापेक्षा मोठा असतो. आतून वेढे चिकटून बसलेले दिसतात, आपल्याला वाटतं छान झालं, आणि बाहेर मात्र ते पंख्यासारखे उघडतात. त्यामुळे नजर कायम बाहेरच्या बाजूला ठेवायची, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश चढवायचा. मी धाग्याचे 20 ते 25 पदर एकत्र घेते, बारीक बांगडीला दीड मीटर लांब. पदरांना पीळ पडू द्यायचा नाही. डाव्या अंगठ्याने वेढा दाबून धरायचा आणि उजव्या हाताने पदर ताणताना सुईच्या मागच्या टोकाने ते फितीसारखे सपाट करायचे. नीट बसले की धाग्यावर एकसारखी चमक येते. पीळ राहिला असेल तर तेवढ्या जागी ती तुटते. तेवढं उलगडून पुन्हा करा, पुढे जाऊ नका.

गुळगुळीत प्लास्टिकवर पांढरा गम धरतच नाही, सुकला की पापुद्र्यासारखा निघतो. बांगडी आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि कापड चिकटवायचा गम वापरा, तोही दोन-दोन इंचांवर, पातळ. फिकट धागा असेल तर खाली पांढरी कागदी टेप गुंडाळा, नाहीतर गडद प्लास्टिकचा रंग वर येतो.

कुंदनासाठी ग्लू गन सोपी वाटते, पण आपल्या नागपुरात नको. एका मे महिन्यात लग्नाचे बारा जोड मी स्कूटीच्या डिक्कीत ठेवून सीताबर्डीच्या बाजारात तासभर फिरले. परत येऊन पाहते तो गम मऊ झालेला, कुंदन सरकून एकमेकांवर चढलेले. नवरीची आई समोर बसली होती आणि मला बोलायला शब्द नव्हता. तेव्हापासून खडे चिकटवायचा गम सुईच्या टोकाने, थेंब थेंब लावते. झटपट चिकटणारा गमही टाळा, त्याने खड्याभोवती पांढुरकी झाक येते.

पण खरं सांगू? वाणासाठी बांगडी नको. 25 जणींचे हात काही तुम्ही मोजणार नाही, आणि न चढलेली बांगडी कपाटात पडून राहते. त्यांना सरकत्या गाठीचं ब्रेसलेट करा: मेणाचा दोरा, मध्ये पाच-सात मणी, दोन्ही टोकं एकमेकांवरून नेऊन त्यावर दुसऱ्या तुकड्याच्या चार-पाच चौकोनी गाठी. टोकं ओढली की घट्ट, गाठ धरून मण्यांकडचा दोरा ओढला की सैल; लेकीलाही होतं, आजीलाही. मणी आणि दोरा इतवारीच्या बाजारात ठोक भावाने घ्या. बांगड्या मात्र नणंदेसारख्या, ज्यांचा हात मोजता येईल अशा घरच्यांसाठी करा.

रंगाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. संक्रांतीला काळा दोरा आणि बारीक पांढरे मोती घ्या, काळ्या साडीवर अगदी हलव्याच्या दागिन्यांसारखं दिसतं. आणि जानेवारीच्या थंडीत गम उशिरा वाळतो, म्हणून बांगड्या रात्रभर तशाच राहू द्या, सकाळी डब्यात भरा.