एकतीस दिवस, एक दौत

ऑक्टोबर महिन्यात रोज एक याप्रमाणे शाईची एकतीस चित्रे काढण्याच्या ‘इंकटोबर’ या उपक्रमाविषयी या वेळी बरीच पत्रे आली. शाईकामाचा हात सुधारावा आणि रोज चित्र काढण्याची सवय लागावी म्हणून अमेरिकन चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ मध्ये हा नेम स्वतःपुरता धरला. पुढे जगभरच्या चित्रकारांनी तो उचलला. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते. सलग तीन वर्षे मी १ ऑक्टोबरला उत्साहाने सुरुवात केली आणि तिन्ही वेळा दहा-बारा दिवसांत हात थांबला. सुरुवातीची चित्रे मला स्वतःला आवडली होती, त्यामुळे नेम अर्धवट राहिल्याचे अधिकच खुपते. घर, शाळा आणि सणवार सांभाळून हे पुरे होऊ शकते का, की हे पूर्णवेळ चित्रकारांचेच काम आहे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : सुरुवातीची चित्रे आवडली होती, असे आपण लिहिता; माझ्या मते अडचण तिथेच आहे. पहिल्या दिवशी वही कोरी असते, उत्साह दांडगा असतो, त्यात सुट्टीचा वार असला तर ए-४ आकाराच्या पानावर अख्खा वाडा, त्याची कौले आणि कौलांखालची सावली असे सगळे चार तास बसून काढले जाते. ते चित्र चांगले उतरते आणि तेच पुढच्या तीस दिवसांचे माप होऊन बसते. दहाव्या दिवशी शाळेतून थकून आल्यावर त्या मापाचे चित्र निघणार नाही हे आपल्याला बसण्याआधीच ठाऊक असते, म्हणून आपण बसतच नाही. मी पहिल्या वर्षी अकराव्या दिवशी थांबलो, आणि त्याचे कारण असे की दुसऱ्याच दिवशी मी एका देवळापुढच्या दीपमाळेचा दगड न् दगड काढून ठेवला होता.

म्हणून आकार आधी ठरवावा आणि महिनाभर तो बदलू नये. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचा कागद आणि अर्धा तास एवढे पुरेसे आहे. एकतीस दिवसांचा हिशेब साडेपंधरा तास होतो. घर आणि शाळा सांभाळणाऱ्या माणसाला तो महिन्याभरात विखरून काढता येतो. लहान आकारात काम करणे म्हणजे तडजोड, असे कृपया समजू नये. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५१ पासून अनेक दशके वृत्तपत्राच्या एका स्तंभाच्या रुंदीत वावरला. वसंत सरवटे अभियंता म्हणून नोकरी करीत असताना मराठी नियतकालिकांसाठी रेखाटने करीत राहिले, त्यामुळे पूर्णवेळ चित्रकार असण्याची अटही मनातून काढून टाकावी.

आता या नेमात संख्येला इतके महत्त्व का, हेही सांगतो. पेन्सिलीने काम करताना चूक त्याच कागदावर दुरुस्त होते, शाईत ती दुसऱ्या दिवशीच्या कागदावर दुरुस्त होते. आज नाकाची रेषा जाड गेली तर तिच्याशी भांडत बसण्यात अर्थ नसतो. उद्या ती बारीक काढायची आहे एवढेच लक्षात ठेवायचे असते, आणि त्यासाठी उद्याचे चित्र असावे लागते. चार तासांचे एक चित्र काढणाऱ्याला ही संधी महिन्यातून तीन-चार वेळा मिळते, अर्ध्या तासाचे काढणाऱ्याला एकतीस वेळा. आपली दहा-बारा चित्रे वाया गेली असे मी म्हणणार नाही, पण त्या वेळात आणखी वीस निघाली असती.

सणांचे म्हणाल तर २०२५ मध्ये दसरा आणि दिवाळी दोन्ही ऑक्टोबरातच आली होती, आणि फराळाच्या आठवड्यात रोज चित्र निघाले नाही म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. पार्कर यांनीच एक दिवसाआड आणि आठवड्यातून एक असे सोपे पर्याय सुचवले आहेत. आपण एक दिवसाआडचा पर्याय घ्यावा आणि चित्र नसलेल्या दिवशी पाच मिनिटे दुसऱ्या दिवसाचे कच्चे रेखाटन आगपेटीएवढ्या चौकटीत करून ठेवावे, कारण अर्ध्या तासातली निम्मी मिनिटे ‘काय काढू’ या विचारातच जातात. मार्गशीर्षात सुरुवात केली तरी बिघडत नाही.

प्रश्न : माझ्या स्केचबुकवर शाईची रेषा फुटते, तिच्या कडेला बारीक केस आल्यासारखे दिसतात. दुकानदार शाईला दोष देतो, मित्र कागदाला. शिवाय जलरोधक काळी शाई फाउंटन पेनात भरली तर चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : भरू नये. पारंपरिक जलरोधक ड्रॉइंग शाई म्हणजे काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांना कागदावर धरून ठेवणारी लाख. ही लाख एकदा वाळली की पाण्यात विरघळत नाही. कागदावर हा तिचा गुण असतो आणि पेनाच्या आत, निबेखालच्या अरुंद खाचांत, तोच पेन कायमचे बंद पाडतो. वडिलांनी दिलेले एक पेन मी विद्यार्थी असताना असेच घालवले आहे, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितो. अशी शाई टाकाने (दौतीत बुडवून वापरायच्या निबेच्या पेनाने), बोरूने किंवा कुंचल्यानेच वापरावी आणि काम संपताच निब ओल्या फडक्याने पुसावी. फाउंटन पेनासाठी त्याच कामाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या शाया घ्याव्यात. त्यांतील बऱ्याचशा पाण्यात विरघळणाऱ्या रंजकद्रव्याच्या असतात, त्यांवरून ओला कुंचला फिरवला तर त्या पसरतात आणि उन्हात ठेवल्या तर फिक्या पडतात. काजळीची शाई उजेडाने उडत नाही.

रेषा फुटण्यात बहुधा मित्राचे म्हणणे खरे आहे. कागद बनवताना त्याला खळ दिलेली असते, ती शाईला पृष्ठभागावर थोपवून धरते. खळ कमी असली की शाई कागदाच्या तंतूंतून आडवी धावते आणि आपण म्हणता ते केस दिसू लागतात. ‘स्केचबुक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वह्यांचा कागद पेन्सिलीचा विचार करून निवडलेला असतो. त्यातून आपण समुद्राकाठी राहता; दमट हवेत उघडा राहिलेला कागद ओल धरतो, आणि परतीचा पाऊस नेमका याच महिन्यात असतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावा आणि रोज एकच पान बाहेर काढावे. खरेदीपूर्वी एक सुटे पान मागून त्याच्या कोपऱ्यात एक सावकाश आणि एक भरभर अशा दोन रेषा काढून पाहाव्यात. सावकाश काढलेली रेषा फुटली तर तो कागद शाईचा नव्हे. गुळगुळीत आयव्हरी कार्ड किंवा चांगला कार्ट्रिज कागद नुसत्या रेषेला पुरतो, पण पातळ केलेल्या शाईचा हात फिरवायचा असेल तर दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या खाली जाऊ नये, कागद पापडासारखा वाकडा होतो.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे ती शाई धरत नाही आणि मग एकदम थेंब सोडते. साबणाच्या पाण्याने ती आधी धुवावी. आणि तयार रेखापेने घेताना आकड्याने फसू नये : पिग्मा मायक्रॉन पेनावरील ०१ म्हणजे ०.२५ मिलिमीटर आणि ०५ म्हणजे ०.४५ मिलिमीटर. सुरुवातीला या दोन पेनांपलीकडे काही लागत नाही. दहा पेनांचा संच घेणारा मनुष्य पेने निवडण्यातच रमतो.

प्रश्न : शाईखाली आधी पेन्सिलीने काढणे ही लबाडी आहे का? आमच्या वर्गात यावरून वाद आहे.
— कला महाविद्यालयाचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही. मूळ नियमांतच पेन्सिलीच्या कच्च्या कामाला मोकळीक आहे. फक्त पेन्सिलीत पूर्ण चित्र करून शाईने ते गिरवू नये, कारण गिरवलेली रेषा मेलेली दिसते; हात आकाराकडे न पाहता खालच्या रेषेकडे पाहत जातो. माणसाचा कल, डोक्याची जागा, क्षितिज एवढेच पेन्सिलीने टिपून बाकीचे निर्णय शाईवर सोडावेत. खोडताना शाई पूर्ण वाळू द्यावी. पांढऱ्या पोस्टर रंगाने केलेली दुरुस्तीही लबाडी नव्हे : लाइन ब्लॉकवरून, म्हणजे नुसते काळे-पांढरे उमटवणाऱ्या ठशावरून, छपाई होत असे त्या काळी ती छापील पानावर दिसतच नसे, आणि आपण आज ज्यांच्या रेषेला निर्दोष म्हणतो अशा चित्रांच्या मूळ प्रतींवरही पांढऱ्याचे ठिपके सापडतात.

प्रश्न : दरवर्षी जाहीर होणाऱ्या विषयांच्या यादीतील इंग्रजी शब्द मला परके वाटतात. ड्रॅगन किंवा किल्ल्याचा बुरूज मी कल्पनेने काढतो, पण ते दुसऱ्या कोणाच्या तरी चित्रासारखे होते. माझा रोजचा वेळ मात्र लोकलमध्ये जातो.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अधिकृत यादी २०१६ पासून निघते आणि ती पाळण्याची सक्ती नाही. ज्याला विषय सुचण्याची अडचण आहे त्याच्यासाठी ती सोय आहे, आणि आपली अडचण ती नाही. आपण कधी न पाहिलेला ड्रॅगन काढताना हात साहजिकच पूर्वी पाहिलेल्या चित्रांकडे जातो. दुसऱ्याच्या चित्रासारखे होते ते यामुळेच. समोरची वस्तू पाहून काढली की उसने घ्यायला वाव कमी राहतो.

मारिओ मिरांडा तरुणपणी गोव्यातील लोटलीच्या घरी रोजनिशी लिहीत आणि तिच्यात त्या दिवसाची चित्रे काढीत. त्यांच्या १९४९ ते १९५१ या वर्षांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने छापल्या गेल्या आहेत, त्या जरूर पाहाव्यात. गावातली माणसे, पाद्री, समारंभ, घरातले प्रसंग हाच त्यांचा विषय होता, आणि मुंबईच्या गर्दीची जी चित्रे त्यांनी नंतर काढली त्यांची तयारी तिथे चाललेली दिसते. कोणी दिलेला शब्द त्यांच्यापुढे नव्हता, त्या दिवशी काय घडले एवढेच होते.

आपली यादी आपण स्वतः मराठीत करावी, आणि एकतीस विषय शोधण्याऐवजी दहाच घेऊन प्रत्येक तीनदा काढावा. एक दिवस मोकळा राहील. उदाहरणार्थ अडकित्ता : पहिल्या दिवशी नुसता काळा आकार भरावा, दुसऱ्या दिवशी एकही जागा न भरता फक्त बाह्यरेषेने तो उभा करावा, तिसऱ्या दिवशी आडव्यातिडव्या रेघांनी धातूची गोलाई दाखवावी. तिसऱ्या दिवशी लक्षात येते की पहिल्या दिवशी आपण त्याच्या दोन पात्यांमधली फट पाहिलीच नव्हती. लोकलमध्ये टाक-दौत अर्थातच निरुपयोगी आहे, रेखापेन आणि पुठ्ठ्याला लावलेला कागद बरा. चेहरे काढू लागलात तर लोक वळून पाहतात, काहींना ते आवडत नाही आणि त्यांचे बरोबर आहे. वरच्या कड्या धरलेले हात, मांडीवरच्या पिशव्या, झोपलेल्या माणसाची मान यांवर महिना सहज निघेल. गाडीच्या धक्क्याने रेषा हलली तर ती तशीच राहू द्यावी.

प्रश्न : रोजचे चित्र समाजमाध्यमांवर टाकते, पण प्रतिसाद येत नाही आणि इतरांची चित्रे पाहून स्वतःचे टाकावेसे वाटत नाही. शिवाय छायाचित्रात कागद करडा दिसतो.
— एक वाचिका, पुणे

उत्तर : मग महिना संपेपर्यंत टाकू नका. चित्र लोकांपुढे ठेवणे हा मूळ उपक्रमाचा भाग आहे हे खरे, पण त्यामुळे चित्र थांबत असेल तर तो भाग वगळावा, चित्र वगळू नये. एकतीस पाने झाल्यावर ती जमिनीवर ओळीने मांडून जवळच्या एका जाणकाराला दाखवावीत. करड्या कागदाचा उपाय सोपा आहे : पांढरे पान चौकटभर असले की कॅमेरा ते फार उजळ समजून छायाचित्र अंधारे करतो, म्हणून फोनच्या पडद्यावर उजेडाची पट्टी थोडी वर सरकवावी आणि चित्र खिडकीजवळच्या सावलीत ठेवावे.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. निवृत्तीनंतर चित्रे काढू लागलो. हात थरथरतो, बारीक पेनाने सरळ रेषा येत नाही. नातीने हा नेम धरला आहे आणि मलाही सोबत बस म्हणते. शाई माझ्यासाठी नव्हे असे वाटते.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपण अवश्य बसावे, पण बारीक पेन बाजूला ठेवून. ०.२५ मिलिमीटरच्या रेषेत हाताचा प्रत्येक कंप वाचता येतो. तीन मिलिमीटरच्या रेषेत तो तिच्या कडेचा खडबडीतपणा होऊन राहतो आणि झाडाच्या सालीला, चिऱ्याच्या गडग्याला किंवा जुन्या होडीच्या फळीला तो शोभूनही दिसतो. मनगट टेबलावर टेकवून बोटांनी रेषा ओढण्याऐवजी उभे राहून, कागद थोडा तिरपा ठेवून, खांद्यातून हात फिरवावा; लांब रेषा अशाने अधिक स्थिर येते.

आणि त्यासाठी विकतचे काही आणू नये, बोरू करावा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, चांगली वाळलेली बांबूची काडी घ्यावी. तिचे एक टोक चाकू अंगापासून दूर नेत लांब तिरपे तासावे, आतला भुसभुशीत भाग खरवडून टाकावा आणि टोक आडवे छाटून मधोमध नखाएवढी उभी चीर द्यावी, म्हणजे शाई तिच्यातून खाली उतरते. चीर देण्याचे काम नातीकडून करून घ्यावे. एका बुडीत पाच-सहा इंचांची रेषा निघते, शेवटी ती कोरडी होत तुटक होते, आणि मग पुन्हा दौतीत बुडवावे लागते. तेवढ्या वेळात हातालाही विसावा मिळतो.